कडेची फट

गणपतीहून परत आलो आणि बेडरूमचं दार उघडेना.

सप्टेंबर २०२३ ची गोष्ट. आम्ही दोघं देवरुखजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. आठ दिवस मोदक, आरत्या, जागरणं वगैरे सगळं यथासांग झालं आणि रात्री साडेअकराला पुण्यात फ्लॅटवर पोचलो. हॉल ठीक. किचन ठीक. बेडरूमचं दार मात्र चार बोटं उघडलं आणि खाली कशाला तरी अडकून बसलं. बायको कुजबुजली, "आत कुणी आहे का रे?" मी फटीतून मोबाइलचा टॉर्च मारला. आत कुणी नव्हतं. जमीन वर आली होती.

म्हणजे अगदी शब्दशः वर आली होती. बाल्कनीच्या कोपऱ्यातल्या जाळीत कुंडीतली माती आणि पानं अडकली, पाणी तुंबलं आणि सरकत्या दाराखालून निवांत आत आलं. किती दिवस आत होतं देव जाणे. हौसेनं घातलेल्या लॅमिनेटच्या प्रत्येक फळीच्या कडा फुगून उभ्या राहिल्या होत्या आणि खोलीच्या मधोमध तंबू ठोकावा तसा उंचवटा. दार ढकलून कसाबसा आत शिरलो. उंचवट्यावर पाय ठेवला की तो खाली जायचा आणि बाजूच्या सांध्यातून पचक्कन पाणी वर यायचं.

आता खरं सांगतो. त्या क्षणी माझ्या डोक्यात पहिला विचार खर्चाचा आला नाही. पहिला विचार आला तो हा, की हे बाबांना कळता कामा नये.

कारण माझे बाबा सुतार आहेत.

तर थोडं मागे जातो. लाकडी जमिनीचं हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं अमेरिकेत. ऑगस्ट २०२१ ते ऑक्टोबर २०२२ मी मिनिआपोलिसला ऑनसाइट होतो. एका जुन्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला होता. घरमालकीण खाली राहायची, सत्तरीची बाई. अख्ख्या घराला रेड ओकची जमीन. सव्वादोन इंच रुंदीच्या अरुंद पट्ट्या, मधासारखा रंग. लहानपणी शेणानं सारवलेल्या जमिनीवर आणि नंतर हॉस्टेलच्या थंडगार फरशीवर वाढलेल्या माझ्या पायांना ते लाकूड भलतंच आवडलं.

जानेवारीत बाहेर उणे वीस आणि आत चोवीस तास हीटर. एका रविवारी झाडू मारताना पाहिलं, तर पट्ट्यांमध्ये फटी! वहीचा पुठ्ठा सहज आत जाईल एवढ्या. मी घाबरून खाली गेलो (डिपॉझिटची काळजी, दुसरं काय). मालकीण हसली आणि म्हणाली, जूनपर्यंत थांब. जूनमध्ये खरंच फटी गायब. कुणी काही भरलं नाही, ठोकलं नाही. आपोआप.

मग जुलैत माझ्या फ्रिजला जाणारी पाण्याची नळी गळली. दोन दिवस कळलंच नाही. किचनमधल्या पट्ट्या पन्हळीसारख्या झाल्या, म्हणजे मध्ये खोलगट आणि कडा वर. म्हटलं, आता डिपॉझिट गेलंच. मालकिणीनं जमिनीचं काम करणाऱ्या एका माणसाला बोलावलं. त्यानं दोन सुयांचं एक यंत्र लाकडात टोचलं. ओल्या भागात १८-१९, कोरड्या भागात ९. मग म्हणाला, "काही करू नका." हवेतला दमटपणा शोषणारं मशीन लावून ठेवलं आणि गेला. मला वाटलं होतं घासून सपाट करून देईल. त्यावर त्यानं जे सांगितलं ते माझ्या लक्षात राहिलं. पट्टी खालून ओली असते, वरून कमी. खालची बाजू जास्त फुगते म्हणून कडा वर येतात. आत्ता वर आलेल्या कडा घासून टाकल्या, तर सुकल्यावर त्याच कडा खाली बसतील आणि मधला भाग टेकडीसारखा वर राहील. आधी लाकडाला त्याच्या जागी येऊ द्यायचं, मग हत्यार लावायचं.

जाता जाता त्यानं एक गंमत दाखवली. रेड ओकचा वीतभर तुकडा घेतला, एक टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलं आणि दुसऱ्या टोकातून फुंकर मारली. पाण्यात बुडबुडे! रेड ओकच्या नळ्या आरपार मोकळ्या असतात. त्याचा भाऊबंद व्हाइट ओक, त्याच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात. म्हणून दारूची पिंपं व्हाइट ओकची करतात, रेड ओकची नाही. (पिंपासाठी हे ठीक, पण दमट हवेत फुगायचं म्हणाल तर व्हाइट ओकही फुगतो. सांडलेलं पाणी अडवणं वेगळं आणि हवेतला ओलावा न घेणं वेगळं.)

ऑक्टोबरमध्ये मी निघालो तेव्हा किचनची जमीन जवळजवळ सपाट झाली होती. डिपॉझिट परत मिळालं. आणि माझ्या मनात पक्कं बसलं, की आपलं घर झालं की लाकडी जमीन करायची.

घर झालं. २०२२ च्या डिसेंबरात ताबा मिळाला. वीस वर्षांचा ईएमआय, पश्चिमेची बाल्कनी, समोर डोंगर (बिल्डरच्या ब्रोशरमध्ये, प्रत्यक्षात समोर दुसरी बिल्डिंग). बेडरूमला लाकडी जमीन करायचं ठरलं. एका दुकानात गेलो, रंग पसंत केला, आठ मिमी जाडीचं लॅमिनेट. बिल्डरच्या टाइलवरच फोमचा थर टाकून दोन पोरांनी एका दिवसात जमीन घालून दिली. 'क्लिक' करून फळ्या एकमेकींत बसवायच्या. मी तर लॅपटॉप घेऊन कॉलवर होतो.

बाबांना विचारलं नाही. का विचारलं नाही? याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं.

इंजिनीअरिंगच्या ॲडमिशनच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना होता. मी तिथे 'व्यापार' लिहिलं. फॉर्मची फी बाबांनी एका दुकानाचं फर्निचर उरकून भरली होती. पुढे कंपनीत कुणी विचारलं तर "गावाला असतात, थोडी शेती, थोडा बिझनेस" असं मोघम सांगायचो. खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये वास्तुशांत झाली. ऑफिसचे लोक आले होते, टीम लीडसुद्धा. सगळे बेडरूममध्ये येऊन "वा, वूडन फ्लोअर!" करत होते. बाबा शेवटी आले. उभ्यानं एकदा पाहिलं, मग गुडघा धरत खाली बसले, बोटाच्या पेरानं फळीवर टकटक केलं आणि भिंतीकडेच्या पट्टीखाली नख घालायचा प्रयत्न केला. मग सगळ्यांसमोर विचारलं, "कडेला फट ठेवलान नाय त्यानं?"

मी हसून म्हणालो, "बाबा, हे कंपनीचं असतं. त्यांना माहीत असतं सगळं."

बाबा "बरं" म्हणाले आणि उठले. टीम लीडनं विचारलं, "फादर काय करतात?" मी काय उत्तर दिलं असेल ते तुम्ही ओळखलं असेलच.

असो. आता पुढे जाण्याआधी थोडं इंजिनीअरिंग, कारण त्या रात्रीनंतर मी अक्षरशः आठवडाभर हेच वाचत होतो.

लाकूड झाडापासून तुटलं तरी हवेशी त्याची देवघेव चालूच राहते. हवा कोरडी झाली की लाकूड पाणी सोडतं, दमट झाली की घेतं. हवेतली आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ६ टक्के पाणी राहतं. ६५ टक्के आर्द्रतेला १२, आणि ९० ला २० च्या आसपास. पुण्यात एप्रिलची दुपार आणि ऑगस्टची दुपार आठवून पाहा. तीच फळी, त्याच जागी, पण आतलं पाणी दुपटीनं कमीजास्त. पावसाळ्यात दारं घट्ट का होतात, त्याचं उत्तर एवढंच.

हे पाणी आधी लाकडाच्या पेशींच्या भिंतीत शिरतं, आणि फुगणं होतं ते यानंच. मटकी भिजत घातल्यासारखं. दाणा पोटभर फुगला की मग भांड्यात कितीही पाणी घाला, आणखी फुगत नाही. लाकडाचं पोट २८-३० टक्क्यांच्या आसपास भरतं. त्यापुढचं पाणी नुसतं पोकळ्यांमध्ये साठतं.

आणि फुगणं सगळीकडे सारखं नसतं. लांबीत जवळजवळ नाहीच. रुंदीत खरा प्रकार. फळीचं टोक पाहिलंत तर वाढीची वर्तुळं दिसतात. त्या वर्तुळांच्या दिशेनं लाकूड जितकं हलतं, त्याच्या साधारण निम्मं गाभ्याकडून सालीकडच्या दिशेनं हलतं. ओल्या लाकडापासून पूर्ण सुकेपर्यंत रेड ओक वर्तुळांच्या दिशेनं ८.६ टक्के आकसतो आणि आडव्या दिशेनं ४. साग ५.८ आणि २.५. म्हणजे दोन झाडांच्या स्वभावात केवढा फरक! दहा सेंटिमीटर रुंदीची फळी घ्या आणि तिच्यातलं पाणी चार टक्क्यांनी वाढवा. रेड ओकची फळी दीड मिमी रुंदावते, सागाची पाऊण मिमी. तीन मीटरच्या खोलीत अशा तीस फळ्या. ओकला साडेचार सेंटिमीटर जागा हवी, सागाला सव्वादोन. ही जागा दिली नाही तर जमीन ती वरच्या दिशेला शोधते.

मग माझं लॅमिनेट? ते लाकूड आहे आणि नाहीही. वर लाकडाच्या नक्षीचा कागद, त्यावर पारदर्शक कडक थर, आणि आत लाकडाचा भुसा करून त्याचे तंतू गोंदासारख्या रेझिनमध्ये दाबून केलेला पट्टा. वरून पाणी सांडलं आणि लगेच पुसलं तर काही होत नाही. पण सांध्यातून पाणी आत गेलं की दाबून बसवलेले तंतू फुगतात, त्यांना धरून ठेवणारी पकड सुटते आणि ते पुन्हा पहिल्यासारखे बसत नाहीत. मिनिआपोलिसच्या पट्ट्या परत आल्या कारण ते अखंड लाकूड होतं. लॅमिनेट परत येत नाही. कितीही सुकवा, फुगलेली कड फुगलेलीच.

या दोन्हींच्या मधे असते इंजिनीअर्ड वूड. वर खऱ्या लाकडाचा काही मिमी थर, खाली प्लायवूडसारखे एकाआड एक आडवे-उभे थर. एका थराला रुंदीत पसरायचं असतं तर खालचा थर त्याला लांबीत धरून ठेवतो, त्यामुळे ती जमीन दमट हवेत कमी हलते. पण पाणी तुंबून राहिलं तर थर सुटू शकतात. आणि हल्ली एसपीसी म्हणून मिळतं, दगडाची पूड आणि प्लास्टिक, वर लाकडाचं चित्र. ते पाण्यानं फुगत नाही, पण खाली शिरलेलं पाणी तिथेच कोंडून कुजत राहतं.

हे सगळं मला आधी माहीत असतं तर? खरं म्हणजे थोडं माहीत होतंच. एकदा मिनिआपोलिसच्या त्या माणसानं सांगितलं होतं. आणि एकदा बाबांनी विचारलं होतं.

मी काही बाबांना फोन केला नाही. बायकोनं केला. दोन दिवसांनी पहाटे रात्रीच्या एसटीनं बाबा दारात उभे. हातात आईनं दिलेली खाऊची पिशवी आणि खांद्याला हत्यारांची पिशवी. चहासुद्धा नंतर घेतला, आधी बेडरूममध्ये गेले. मी मनातल्या मनात तयारी करून बसलो होतो की आता 'मी सांगितलं होतं' ऐकावं लागणार. बाबांनी पटाशीनं भिंतीकडेची पट्टी उचकटली. फळ्या भिंतीला टेकून बसवलेल्या होत्या, आणि उरलीसुरली फट सिलिकॉननं भरलेली.

"बघ," एवढंच म्हणाले.

थोड्या वेळानं म्हणाले, "त्या पोराला नावं ठेवू नको. फुटावर पैसे मिळतात त्यांना. घाई असते. कुणी शिकवलेलंही नसतं." मग म्हणाले, "आणि फट ठेवली असती तरी आठ दिवस पाण्यात हे टिकलं नसतं. तंबू झाला तो फट नव्हती म्हणून. कडा फुगल्या त्या पाण्यानं. दोन्ही वेगळं आहे."

माझ्या आठवडाभराच्या वाचनाचा सारांश त्यांनी एका फळीकडे बघून सांगितला.

दिवसभर आम्ही दोघांनी जमीन उचकटली. फोमखाली काळी बुरशी आणि तो वास. बिल्डरची टाइल मात्र खाली शाबूत होती. बाबांचा निकाल ठरलेला: "पश्चिमेची बाल्कनी, पावसाचा मारा. या खोलीत लाकूड नको. फरशीच बरी." मी मान डोलावली. कचरा लिफ्टनं नेऊ देईनात म्हणून चार मजले उतरवला. रात्री जेवल्यावर बाबा गुडघ्याला तेल चोळत बसले होते. तेव्हा मी त्यांना त्या फॉर्मचं सांगितलं. दहा-अकरा वर्षं झाली होती त्याला. का सांगितलं माहीत नाही. दिवसभर त्यांच्या हाताखाली काम केलं होतं म्हणून असेल.

बाबा बराच वेळ तेल चोळत राहिले. मग म्हणाले, "मला ठाऊक आहे. फॉर्मवर सही मीच केली होती ना. वाचून केली होती."

यावर मला काही बोलता येईना. पंखा फिरत होता. मग मीच विचारलं, "बाबा, आतल्या छोट्या खोलीला तुम्ही घालाल का जमीन? तिथे पाऊस येत नाही."

"घालीन की. पण दिवाळीनंतर. आत्ता लाकूड ओलं. एप्रिलात फार सुकं. मधल्या हवेत घालायची, म्हणजे दोन्हीकडे सारखी हलते."

लाकूड गावचंच होतं. आमच्या जुन्या घराला आजोबांनी घातलेला सागाचा माळा होता. २०१९ मध्ये स्लॅब झाला तेव्हा तो उतरवला, आणि त्या फळ्या बाबांनी पडवीत रचून ठेवल्या होत्या. आई कित्येकदा म्हणाली होती, जाळायला काढ. दिवाळीनंतर बाबांनी त्या दहा-दहा सेंटिमीटरला चिरून घेतल्या. रुंद फळी जास्त हलते, जास्त वाकते, म्हणून. टेम्पोनं पुण्यात आणल्या, पण घालायला नाही. छोट्या खोलीत, मध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचून ठेवल्या. "राहू देत इथे. इथली हवा लागू दे." आणि फळ्यांबरोबर बाबाही राहिले. चार आठवडे!

मी दोन सुयांचं यंत्र मागवलं होतं. हे यंत्र लाकडातून वीज किती सहज जाते ते बघून ओल सांगतं. पहिल्या दिवशी कोकणातून आलेल्या फळ्या १६ दाखवत होत्या. बाबा फळी गालाला लावून बघायचे. ओलं लाकूड गालाला थंड लागतं. मी आकडा वाचायचो, ते गाल लावून "अजून नाय" म्हणायचे. बहुतेक वेळा जुळायचं. एकदा यंत्रानं एका फळीला ३८ दाखवले. मी म्हटलं, "बाबा, ही फळी बाद." त्यांनी फळी उजेडात धरली, नखानं खरवडलं आणि आत मोडलेला जुना खिळा दाखवला. लोखंडातून वीज गेली होती. "तुझ्या यंत्राला खिळा चावला," म्हणाले, आणि इतके हसले की किचनमधून बायको बघायला आली.

एकदा मीही त्यांना पकडलं. "साग हलत नाही," असं ते नेहमी म्हणतात. मी कागदावर गणित करून दाखवलं की हलतो, फक्त ओकच्या निम्म्यानं. पावसाळ्यात अकरावरून साडेचौदावर गेला तर दर फळी ०.६५ मिमी. बाबांनी कागद चष्मा लावून पाहिला. "एवढं तर हलणारच," म्हणाले. म्हणजे त्यांच्या भाषेत 'हलत नाही'चा अर्थ 'एवढंच हलतो' असा होता. इतकी वर्षं मला वाटत होतं की ते अडाणीपणानं बोलतात.

डिसेंबरच्या मध्यावर यंत्र ११ वर स्थिरावलं आणि बाबांनी काम सुरू केलं. टाइलवर प्लास्टिकचा कागद, त्यावर रीपा स्क्रूनं पक्क्या, त्यावर फळ्या. ड्रिलच्या आवाजानं खालचे काका दोनदा वर आले, दुसऱ्या वेळी चहा पिऊन गेले. प्रत्येक फळीला प्रत्येक रीपेवर एकच स्क्रू, तोही मधोमध, म्हणजे दोन्ही कडा हलायला मोकळ्या. जमीन चार सेंटिमीटर वर आली म्हणून दार खालून कापलं. दोन्ही भिंतींकडे बोटभर फट, आणि वरची पट्टी भिंतीला ठोकलेली, जमिनीला नाही.

दोन फळ्यांच्या मध्ये बाबा हॅकसॉच्या जुन्या ब्लेडचे तुकडे उभे ठेवत होते आणि फळी बसली की काढून घेत होते. मी विचारलं, हे का? "पावसाळ्यात पुरते एवढी फट." कुणी सांगितलं? "आबांनी." आबा म्हणजे माझे आजोबा. मी ड्रॉवरमधून व्हर्नियर काढला आणि ब्लेडची जाडी मोजली. ०.६४ मिमी.

मी तो आकडा बाबांना दाखवला, मग माझा कागद दाखवला. त्यांनी दोन्ही पाहिलं. "बरोबर आलंय ना? मग पुढची फळी दे."

त्यानंतर पावसाळा झाला, उन्हाळा झाला. ऑगस्टमध्ये मी तेच ब्लेड फटीत घालून पाहतो, जात नाही. एप्रिलात रुपयाचं नाणं उभं जातं. दोन-चार फळ्या किंचित कुरकुरतात. वर अळशीच्या तेलाचा हात दिलाय, त्यावर पाण्याच्या ग्लासाचा एक गोल डाग पडलाय (कुणाचा ते विचारू नका). बेडरूमला टाइल आहे आणि पावसाळ्याच्या आधी बाल्कनीची जाळी साफ करायचं काम कायमचं माझ्याकडे आलंय.

एप्रिल २०२५ मध्ये आमचा तो टीम लीड पुन्हा घरी आला होता. छोट्या खोलीत गेला, खाली बघितलं आणि म्हणाला, "अरे, फटी पडल्यात. कंपनीला फोन कर, वॉरंटीत असेल."

म्हटलं, "पडू देत. पावसाळ्यात मिटतात. माझ्या बाबांनी घातलीय. ते सुतार आहेत."

"ओह! अरे, मग त्यांना वेळ असेल का? आमच्याकडे पण करायचंय."

मी नंबर दिला. सांगितलं, तूच बोल त्यांच्याशी. पण आधी ते तुझी बाल्कनी कुठल्या दिशेला आहे ते विचारतील, आणि पश्चिमेची असेल तर नाही म्हणतील.